किल्ला, आतून

रविवारी सकाळी साडेसहाला
कोपिनेश्वराच्या दारात आम्ही नऊ जण.
माणशी दोनशे रुपये, चहा वेगळा.
हर्षदा कोठेकर, पंचविशीची, गळ्यात शिट्टी,
म्हणाली, तुम्ही उभे आहात ते श्रीस्थानक.
मी खाली बघितलं.
पेव्हर ब्लॉक होते.

एकतीस वर्षं खारकर आळीत राहते मी
आणि गाव बघायला आज निघाले,
पायात नवे बूट, मुलानं आणलेले, अर्धा नंबर मोठे.

ती म्हणाली, शिलाहार. ती म्हणाली, पेठ.
इथलं कापड खाडीतून बाहेर पडायचं
आणि लांबच्या बंदरांत कुणी बाया
बोटांनी चाचपून भाव पाडून मागायच्या.
हे मात्र मला लगेच पटलं.
जांभळी नाक्यावर आलं घेताना
मी दुसरं काय करते?

तळ्याकाठच्या चर्चमध्ये मिस्सा चालू होती,
म्हणून दारातूनच पाहिलं:
एक बाई गुडघे टेकताना पिशवी सांभाळत होती,
पिशवीतून मेथी डोकावत होती.
सिनेगॉगच्या फाटकाशी एलायजा नवगावकर थांबले.
सगळे त्यांच्याकडे बघू लागलो,
तर म्हणाले, इथं माझं लग्न झालं.
बाकीचं ही सांगेल.

मग किल्ला.
म्हणजे तुरुंग.
हर्षदा रस्त्याच्या पलीकडेच थांबली,
वहीत बोट घालून भराभर म्हणाली,
पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी जिंकला, मग इंग्रज.
आत जाता येत नाही. फोटो काढू नका.
चला, पुढे.

कुणी हललं नाही, कारण शेवटून चालणारे गृहस्थ,
पांढरा शर्ट, उलटून शिवलेली कॉलर,
सकाळपासून एक शब्द न बोललेले काशिराम भोपी,
म्हणाले,
मी व्हतो ना आत.
अकरा महिने. बांधावरची मारामारी.
सुटलो नंतर.

पाणी पिणाऱ्यानं बाटलीचं झाकण लावलं.
एक जोडपं अर्धं पाऊल मागं सरलं,
मीही सरले असेन,
नवे बूट होते, आवाज झाला.

ते भिंतीकडे बघत होते.
म्हणाले, दगड पाठीच्या उंचीला गुळगुळीत हाय.
एकावर पाथरवटाची खूण, त्रिशुळावानी.
रोज बोट फिरवायचो.
घरी आल्यावरही रातचं बोट भिंतीवर तेच हुडकायचं,
बायको म्हणायची, काय लिवताव?
खाडी दिसत नव्हती. वास यायचा.
वासावरनं समजायचं, उधाण आलं,
म्हणजे आवस, नायतर पुनव,
म्हणजे आज आपली माणसं जाळी घेऊन गेली असतील.
तारीख कुणाला इचारायला लागली नाय.

हर्षदानं वही उघडली. पान कोरं होतं.
कुठला बुरूज हो काका? दक्षिणेकडचा?
पोरी, आतून दिशा नसतात.
ऊन कुठून यायचं ते सांगतो, तू मांड.
आणि ते हातानं दाखवू लागले,
ती काढू लागली, चौकोन, एक बाण,
शिट्टी वहीवर लोंबत होती,
समोरच्या चौकीतला शिपाई आमच्याकडे बघत होता.

तलावपाळीला चहा घेताना मी विचारलंच:
तुम्ही तर सगळं पाहिलेलं,
मग दोनशे रुपये कशाला दिले?

बशीत चहा ओतून त्यांनी फुंकर घातली.
बाहेरून कसा दिसतो ते बघायचं व्हतं, म्हणाले.
कधी उभाच राहिलो नव्हतो त्याच्यासमोर,
यायचो तर मान खाली घालून जायचो.

मग?

बुटका हाय, म्हणाले.